इंटर्नशिप शेवटच्या सत्रात का नको

‘प्लेसमेंट’ हा शब्द आपल्याकडच्या महाविद्यालयांत एकाच अर्थाने वापरला जातो. कॅम्पसवर कंपनी आली, परीक्षा आणि मुलाखत झाली, ऑफर लेटर हातात पडले, की मुलाचे प्लेसमेंट झाले असे आपण म्हणतो. इंग्लंडमधल्या विद्यापीठात संगणकशास्त्र किंवा माहिती तंत्रज्ञान शिकणारा विद्यार्थी हाच शब्द वापरतो तेव्हा त्याच्या मनात वेगळीच गोष्ट असते. दोन वर्षे वर्गात शिकायचे, तिसरे वर्ष एखाद्या कंपनीत, रुग्णालयात किंवा सरकारी कार्यालयात पगारी काम करायचे आणि चौथ्या वर्षी विद्यापीठात परत येऊन पदवी पूर्ण करायची, या योजनेतले मधले वर्ष म्हणजे तिथले प्लेसमेंट. अभ्यासाच्या दोन थरांमध्ये काम भरलेले असते म्हणून अशा अभ्यासक्रमाला तिथे ‘सँडविच कोर्स’ असेच नाव आहे. आपल्याकडे मोठी इंटर्नशिप बहुतेक ठिकाणी आठव्या, म्हणजे अगदी शेवटच्या सत्रात येते. ती संपते तेव्हा शिक्षणही संपलेले असते. माझ्या मते आपल्या इंटर्नशिपचे निम्म्याहून अधिक दोष या एका गोष्टीतून निघतात, आणि इतर सुधारणांच्या आधी तिची जागा बदलली पाहिजे.

मी बडोद्यात गेली बावीस वर्षे सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहे. मकरपुऱ्याच्या सरकारी औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) लहान-मध्यम कारखान्यांची खरेदी, स्टॉक, उत्पादन आणि बिलिंग सांभाळणारी सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. दर जानेवारीत आमच्याकडे शेवटच्या सत्रातले दोन-तीन विद्यार्थी येतात आणि मे महिन्यात रिपोर्ट बांधून जातात. त्यांतली बहुतेक मुले हुशार असतात आणि मेहनतीलाही मागे हटत नाहीत. तरी मे महिन्यात त्यांना निरोप देताना दर वर्षी मला एकच रुखरुख लागते. त्यांना खरे प्रश्न पडू लागलेले असतात आणि ते विचारायला जाण्याची जागा मात्र त्याच आठवड्यात बंद होणार असते.

दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात दर महिनाअखेरीस संगणकातला स्टॉक आणि गोदामातला माल जुळत नव्हता. आलेल्या मुलांपैकी एकाला मी ते काम दिले. तीन दिवस तो प्रोग्राममध्ये चूक शोधत राहिला, पण त्याला काही सापडले नाही, कारण चूक तिथे नव्हतीच. चौथ्या दिवशी मी त्याला कारखान्याच्या स्टोअरमध्ये पाठवले. तिथल्या स्टोअरकीपर काकांनी टेबलाच्या खणातून एक चोपडी काढली. संगणकात कितीही आकडे भरले तरी खरा हिशेब ते त्या चोपडीत ठेवत होते. “भाई, माल किलोमां आवे ने नंगमां जाय,” ते त्याला म्हणाले. पितळेचे दांडे वजनावर विकत येतात. यंत्रावर जाताना ते कापून नगांवर दिले जातात. प्रत्येक कापामागे करवतीच्या पात्याच्या जाडीइतक्या पितळेचा कीस होतो, आणि टोकाचे उरलेले तुकडे पुन्हा वजनावर भंगारात जमा होतात. एकाच मालाची मोजणी वाटेत अशी दोनदा बदलते, आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एककासाठी रकाना एकच होता.

मुलाने परत येऊन उत्साहाने दुरुस्ती केली. स्टॉकच्या टेबलातल्या प्रत्येक ओळीपुढे त्या दांड्याचे दर मीटर वजन लिहायची सोय त्याने केली. आकडे जुळू लागले. मी त्याला विचारले, “उद्या एखाद्या व्यासाच्या दांड्याचे वजन चुकीचे भरले गेले असे कळले, तर किती ओळी दुरुस्त कराव्या लागतील?” त्याने मोजून सांगितले, चारशेच्या वर. ही माहिती एकाच ठिकाणी, वेगळ्या टेबलात का ठेवायची हे त्याच्या अभ्यासक्रमात होते. डेटाबेसच्या पेपरात ‘थर्ड नॉर्मल फॉर्म’ची व्याख्या त्याने बरोबर लिहिलेली होती आणि गुणही चांगले मिळवले होते. व्याख्या ज्या दुखण्यावरचे औषध आहे ते दुखणे मात्र त्याने तोवर कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मला अजून आठवते. त्यानंतर त्याने चार-पाच असे प्रश्न विचारले की ज्यांची नीट उत्तरे द्यायला डेटाबेस शिकवणारा चांगला प्राध्यापकच हवा होता. सगळेच असे वेगवेगळ्या टेबलांत विभागले तर अहवाल काढायला वेळ लागतो, मग थांबायचे कुठे? दोन स्टोअरमध्ये दोघांनी एकाच वेळी त्याच मालाची नोंद केली तर कोणाची खरी धरायची? माझ्याकडे कामापुरती उत्तरे होती, पण त्यांमागचे शास्त्र शिकवण्याइतका वेळ नव्हता आणि तितकी तयारीही नव्हती. त्याचा प्राध्यापक त्याला त्यानंतर भेटला तो थेट तोंडी परीक्षेला, दहा मिनिटांसाठी.

हेच काम त्याने पाचव्या सत्रात केले असते तर सहाव्या सत्रात तो हे प्रश्न घेऊन वर्गात बसला असता. वर्गातल्या इतर चाळीस जणांनीही ते ऐकले असते, आणि त्यांतले काही जण वेगळ्याच ठिकाणाहून वेगळे प्रश्न घेऊन आले असते. शिक्षकालाही आपला विषय कुठे कामी येतो आणि कुठे अपुरा पडतो हे कळले असते. इंटर्नशिपमधून मिळणारा मोठा लाभ मी हाच मानतो. तो कामाच्या चार-सहा महिन्यांत पुरता हाती येत नाही. त्यानंतरच्या सत्रात येतो, आणि ते सत्रच आपण ठेवलेले नाही.

वर्गात शिकवता येणार नाही असेही बरेच काही कामावर मिळते. विद्यार्थी चार वर्षे स्वतःचा कोड लिहितो. नोकरीत त्याला पहिले सहा महिने दुसऱ्याने लिहिलेला, कधी दहा वर्षांपूर्वीचा, लिहिणारा सोडून गेलेला कोड वाचावा लागतो. पन्नास नोंदींवर डोळ्याचे पाते लवायच्या आत चालणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चार लाख नोंदींवर चाळीस सेकंद घेते आणि त्या चाळीस सेकंदांत बिलिंगच्या खिडकीपुढे ट्रकचालक ताटकळत उभे असतात, हे पाहिल्यावर नोंदी झटपट शोधून देणारा इंडेक्स म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कोडमधल्या सगळ्यांच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये आपला बदल दुसऱ्याच्या बदलावर आदळला तर काय करायचे, चालू डेटाबेसवर अट न घालता अपडेटचा आदेश दिला तर काय होते, चूक झाली तर ती लपवण्याऐवजी ताबडतोब कोणाला सांगायची, या गोष्टी माणसांमध्ये बसूनच शिकायच्या आहेत. परंतु कामाच्या जागेला एक मर्यादा असते. तिथे ‘कसे’ याचे उत्तर लवकर मिळते आणि ‘का’ हे विचारायला उसंत नसते. कंपनी ही शाळा नव्हे, तिने शाळा व्हावे अशी अपेक्षाही मी करत नाही. म्हणूनच ‘का’ विचारायला परतण्याची वाट उघडी राहिली पाहिजे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अभियांत्रिकीच्या २७ विद्यार्थ्यांवर असा प्रयोग सुरू केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या होत्या. एक जण आठवडाभर कारखान्यात, दुसरा वर्गात, आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्याला माणूस सतत मिळत राहिला आणि सोमवारी वर्गात बसणाऱ्याच्या हाताला शनिवारचे तेल लागलेले असे. कॅनडातले वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये उभे राहिले तेच या पद्धतीवर. आज तिथला संगणकशास्त्राचा विद्यार्थी चार महिने वर्ग आणि चार महिने काम असा आलटून पालटून जातो आणि पदवीपर्यंत त्याच्या पाठीशी पाच-सहा वेगवेगळ्या कामांचा अनुभव जमतो. आपल्या देशात पिलानीच्या बिट्‌सने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, विद्यार्थ्यांबरोबर संस्थेचा प्राध्यापकही कामाच्या ठिकाणाशी जोडलेला असतो आणि मूल्यमापन तोच करतो. दुसऱ्या वर्षानंतरच त्याचा पहिला टप्पा असल्यामुळे तिथून वर्गात परत येणेही घडते.

बडोदेकरांनी मात्र उदाहरणासाठी इतक्या लांब जायची गरज नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये इथे कलाभवन सुरू झाले, प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने. रंगकाम, रसायन, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला हे विषय तिथे हाताने करून शिकवले जात. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. गज्जर स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते आणि प्रयोगशाळेतली विद्या उद्योगात उतरली पाहिजे असा त्यांचा ध्यास होता. पुढे १९०७ मध्ये बडोद्यात अलेंबिक कंपनी उभी राहिली तेव्हा तिच्या संस्थापकांत कोटीभास्कर आणि अमीन यांच्यासह गज्जर होते. शिक्षक आणि कारखाना यांच्यात तेव्हा भिंत नव्हती. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा झाले. दांडिया बाजारातून येता-जाता ती इमारत आम्ही लहानपणापासून पाहत आलो. त्या इमारतीचे कौतुक शहराला पुष्कळ आहे. कलाभवनात सुरू झालेल्या पद्धतीचे स्मरण मात्र तितके राहिलेले नाही.

सयाजीरावांच्या राज्यातली आणखी एक गोष्ट या विषयाशी थेट जोडलेली आहे. त्यांनी प्राथमिक शिक्षणाची सक्ती १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग म्हणून केली आणि १९०६ मध्ये ती सबंध राज्याला लागू केली. ‘मोफत आणि सक्तीचे’ असे ते शिक्षण होते. सक्ती करणाऱ्या राज्याने शाळा काढणे, शिक्षक नेमणे आणि फी न घेणे ही जबाबदारीही आपल्या शिरावर घेतली होती. आज अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या धोरणानुसार अभियांत्रिकीच्या पदवीसाठी ६०० ते ७०० तासांची इंटर्नशिप अपेक्षित आहे. अपेक्षा योग्यच आहे. पण ती जागा शोधायची कोणी, तर बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याने. ज्याचा मामा एखाद्या मोठ्या कंपनीत आहे त्याची सोय एका फोनवर होते. जवळच्या पादरा किंवा डभोई गावाहून रोज बसने येणाऱ्या, घरातल्या पहिल्याच पदवीधर होणाऱ्या मुलीला असा मामा नसतो.

मग काय होते ते माझ्या शेजारच्या घरात मी पाहिले. मुलीने तीस-पस्तीस कंपन्यांना ई-मेल पाठवले आणि एकीकडूनही उत्तर आले नाही. सबमिशनची तारीख जवळ आली तेव्हा तिच्या वडिलांनी एका ‘ट्रेनिंग कम इंटर्नशिप’ देणाऱ्या ठिकाणी सहा हजार रुपये भरले. चार आठवडे तिला व्हिडिओ दाखवले गेले, त्याच साच्यातले एक तयार संकेतस्थळ तिच्याकडून आणि आणखी साठ जणांकडून ‘प्रोजेक्ट’ म्हणून करून घेतले गेले, आणि सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र मिळाले. महाविद्यालयाने ते स्वीकारले, कारण कागद पूर्ण होता. काम शिकण्यासाठी म्हणून आखलेल्या व्यवस्थेत तिने स्वतः पैसे दिले आणि काम एक दिवसही पाहिले नाही. त्या सत्राची पूर्ण फी वडिलांनी महाविद्यालयातही भरली होतीच. इंग्लंडमध्ये प्लेसमेंटच्या वर्षासाठी विद्यापीठाला नेहमीच्या कमाल फीच्या २० टक्क्यांपर्यंतच फी घेता येते. विद्यार्थी वर्गात नसताना पूर्ण फी घ्यायची असेल, तर तेवढ्याच तोलाचे काही त्याला द्यायला नको का? माझे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या संस्थेने इंटर्नशिप सक्तीची केली तिनेच जागा मिळवून दिली पाहिजे, तिथे शिक्षक पाठवला पाहिजे, आणि ज्याला जागा मिळवून देता आली नाही त्याला संस्थेतच खऱ्या कामाचा पर्याय दिला पाहिजे. विकत घेतलेले प्रमाणपत्र नाकारण्याचा नैतिक अधिकार संस्थेला त्यानंतरच येईल.

इंटर्नशिप पाचव्या सत्रात आणण्याच्या सूचनेवरचे आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पहिला आक्षेप काही ज्येष्ठ प्राध्यापकांचा आहे. विद्यापीठाने कंपन्यांसाठी माणसे घडवायचा कारखाना होऊ नये, पाया पक्का करावा, असे ते म्हणतात. पाया पक्का हवा याबद्दल माझे दुमत नाही. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क आणि डेटाबेस शिकण्याआधी मुलाला कामावर पाठवू नये, तो तिथे नुसता स्क्रीनशॉट काढत बसेल. मात्र हे विषय साधारण चौथ्या सत्रापर्यंत शिकवून होऊ शकतात. कंपायलर, वितरित प्रणाली (अनेक संगणकांनी मिळून चालणारी व्यवस्था), माहितीची सुरक्षितता, मशीन लर्निंग असे विषय त्यापुढचे आहेत, आणि काम पाहून आलेल्या विद्यार्थ्याला तेच अधिक खोलवर शिकवता येतात. काम मध्ये ठेवल्याने सिद्धांताची बाजू बळकट होते, असा माझा अनुभवावरचा विश्वास आहे. उलट शेवटच्या सत्रातली इंटर्नशिपच कंपनीच्या सोयीची आहे. तिथे मुलाला आधी चार महिने कमी पैशांत पारखून घ्यायचे आणि जूनमध्ये ठेवायचे की नाही ते ठरवायचे, असा व्यवहार होऊन बसला आहे. महाविद्यालयालाही ते परवडते, कारण एक सत्र शिकवावे लागत नाही.

दुसरा आक्षेप आमच्यासारख्या व्यावसायिकांचा आहे, आणि तो मी स्वतःही एकेकाळी घेतलेला आहे. पाचव्या सत्रातला विद्यार्थी तयार होईतो परत जाणार, मग त्याच्यावर वेळ का घालवायचा? त्यातच गेल्या दोन-तीन वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने आली. छोट्या चुका दुरुस्त करणे, चाचण्या लिहिणे, साधा फॉर्म बनवणे ही नवख्याला द्यायची कामे ती साधने मिनिटांत करतात. नवख्याची गरजच काय, असा विचार माझ्या व्यवसायबंधूंच्या मनात येतो तो समजण्यासारखा आहे. मात्र साधनाने लिहिलेला कोड बरोबर आहे की नाही हे ठरवणारा अनुभवी माणूस दहा वर्षांनी कुठून येणार? तो नवखेपणातूनच येतो. किलोने आलेला माल नगांनी जातो ही माहिती कोणत्याही साधनाला नव्हती. ती काकांच्या चोपडीत होती, आणि ती पाहायला एका मुलाला चालत स्टोअरपर्यंत जावे लागले. नवख्याला द्यायचे काम बदलले आहे इतकेच मी म्हणेन. कोड लिहिण्याआधीची विचारपूस आणि लिहिल्यानंतरची तपासणी ही दोन्ही कामे आता त्याला अधिक द्यावीत.

पैशाचाही प्रश्न आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्याकडे १९६१ पासून आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराला दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवले आणि राष्ट्रीय योजनेत त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत सुरुवातीला दरमहा ५,००० रुपये ठरले, पण ती पूर्णवेळ शिक्षण घेत नसलेल्या तरुणांसाठी आहे. पूर्णवेळ शिकत असतानाच सक्तीची इंटर्नशिप करणारी मुलगी या दोन्हींच्या मधल्या फटीत राहते. तिला बसचा पास आणि दुपारचे जेवण एवढे तरी सुटावे इतके विद्यावेतन कंपनीने दिले पाहिजे, आणि लहान कंपन्यांचा त्यातला काही भार सरकारने उचलला पाहिजे. फुकट कामाची सवय व्यवसायाला लागणे चांगले नाही. फुकट माणसाला शिकवण्याची घाई कोणालाच नसते.

जागा कुठून आणणार, असे विचारले जाते तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारती असतात. संगणकाचे काम आता तेवढ्यापुरते राहिलेले नाही. सयाजी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातली रांग, महापालिकेतल्या तक्रारींची नोंद, मध्यवर्ती ग्रंथालयाची सूची, प्राच्य विद्या मंदिरातल्या हजारो हस्तलिखितांची वर्णने, सहकारी बँका, मकरपुऱ्याचे कारखाने, या सगळ्या ठिकाणी एकेका सत्राला पुरेल एवढे काम पडून आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घराघरांत शिरले तेव्हा आजवा धरणाची पातळी किती, कुठल्या पुलाखाली पाणी किती चढले, कुठला रस्ता बंद आहे, हे आम्ही सगळे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्ड्समधून शोधत होतो. खरी माहिती आणि जुने फोटो एकमेकांत मिसळले होते. ती माहिती एका जागी, वेळेसह आणि तीन भाषांत दिसेल अशी व्यवस्था बांधायला पाचव्या सत्रातले सहा विद्यार्थी, एक जाणता प्राध्यापक आणि महापालिकेतला एक अधिकारी पुरेसे झाले असते. त्या सहा जणांना सहाव्या सत्रात वितरित प्रणाली शिकवायला मला स्वतःला आवडले असते.

आमच्या कंपनीपुरते मी येत्या जुलैपासून शेवटच्या सत्राऐवजी पाचव्या सत्रातले दोन विद्यार्थी घ्यायला तयार आहे, विद्यावेतन देऊन. अट एकच ठेवेन. त्यांना डेटाबेस किंवा सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या प्राध्यापकाने आठवड्यातून एक दुपार आमच्याकडे येऊन बसावे, मुलांनी त्या आठवड्यात काय केले ते पाहावे, आणि पुढच्या सत्रात वर्गात काय शिकवायचे ते त्यावरून ठरवावे. कलाभवनापासून मकरपुऱ्याला यायला स्कूटरवर अर्धा तास लागतो. स्टोअरकीपर काका निवृत्त व्हायला अजून तीन वर्षे आहेत, आणि चोपडी दाखवायला ते आनंदाने तयार आहेत.